खजूर किती आणि दाणे किती

खजूर आणि सुकामेवा मिक्सरमधून फिरवून वळलेले छोटे लाडू आता घरोघरी होतात. ओव्हन लागत नाही, पाक करावा लागत नाही, पाऊण तासात डबा भरतो आणि बाजारच्या बिस्किटांपेक्षा नक्कीच चांगलं काही पोटात जातं. म्हणून ते जरूर करावेत. मात्र त्यांची निवड करताना बहुतेक जण एकच गोष्ट पाहतात, ती म्हणजे त्यात साखर घातलेली नाही. ही कसोटी अपुरी आहे, आणि तिच्यावर विसंबल्यामुळे चांगला पदार्थ निम्मा वाया जातो. हे लाडू अंगी लागणार की नुसतंच आणखी एक गोड खाणं ठरणार, हे दोन गोष्टींवर ठरतं: खजुराच्या मानाने दाणे आणि बिया किती, आणि एका लाडवाचं वजन किती. साखर घातली की नाही हा प्रश्न त्यानंतरचा.

आधी खजुरात काय असतं ते पाहू. बाजारात मिळणाऱ्या 100 ग्रॅम खजुरात जातीप्रमाणे साधारण 63 ते 66 ग्रॅम साखर असते, 7 ते 8 ग्रॅम तंतू असतात आणि प्रथिनं जेमतेम 2 ते अडीच ग्रॅम. ही साखर मुख्यतः ग्लुकोज आणि फ्रुक्टोज या रूपात असते. काही जातींत साधी, म्हणजे उसाच्या साखरेतलीच, सुक्रोजही बऱ्यापैकी असते. आता नेहमीची कृती घ्या: 200 ग्रॅम खजूर, 100 ग्रॅम सुकामेवा. या मिश्रणात निव्वळ खजुराचीच साखर 128 ग्रॅमच्या आसपास भरते, म्हणजे एकूण वजनाच्या चाळीस टक्क्यांहून जास्त. हातात सहज वळला जाणारा लाडू 30 ग्रॅमचा होतो. त्यात सुमारे 13 ग्रॅम, म्हणजे तीन चमचे साखर आली. साखर नाही म्हणून कौतुकाने दोन लाडू खाल्ले की सहा चमचे झाले. जागतिक आरोग्य संघटनेने 2015 मध्ये मोकळ्या साखरेची, म्हणजे वरून घातलेल्या आणि मध, फळांचा रस यांतल्या साखरेची, मर्यादा सुचवली. ती दिवसाच्या एकूण ऊर्जेच्या दहा टक्क्यांच्या आत असावी आणि जमल्यास पाच टक्क्यांच्या आत. ही पाच टक्क्यांची मर्यादा सर्वसाधारण प्रौढ माणसासाठी दिवसाला साधारण 25 ग्रॅम होते.

यावर कुणीही म्हणेल की खजुराची साखर या हिशेबात धरायचीच कशाला? खजूर हे फळ आहे, त्यात तंतू आहेत, पोटॅशियम आहे, आणि रक्तातली साखर तो एकदम चढवत नाही. या म्हणण्यात तथ्य आहे. संयुक्त अरब अमिरातीत पाच जातींच्या खजुरांवर झालेल्या आणि 2011 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात त्यांचा ग्लायसेमिक इंडेक्स निरोगी माणसांत साधारण 46 ते 55 आणि मधुमेहींमध्ये 44 ते 53 इतका आढळला. हा आकडा कमीच म्हणायचा. पण ग्लायसेमिक इंडेक्स काढताना ठरावीक प्रमाणातच कर्बोदकं देतात. किती खाल्लं याचा विचार त्या आकड्यात नसतो. दुप्पट खजूर खाल्ला तर इंडेक्स तोच राहतो, शरीरात जाणारी साखर मात्र दुप्पट होते. शिवाय अख्खा खजूर चावून खाणं वेगळं आणि त्याचा लगदा करून खाणं वेगळं. 1977 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या एका गाजलेल्या प्रयोगात तीच सफरचंदं अख्खी, लगदा करून आणि रस काढून दिली होती. पोट भरल्याची भावना अख्ख्या फळाने सर्वांत जास्त आली, लगद्याने त्याहून कमी आणि रसाने सर्वांत कमी. लगद्यात तंतू तेवढेच होते, फक्त त्यांची घडण मोडली होती, आणि तेवढ्यानेही फरक पडला. अख्खे चार खजूर खाताना बिया काढाव्या लागतात, चावावं लागतं, तोंड गोड होऊन हात थांबतो. तेच चार खजूर लाडवात दिसत नाहीत.

नियम करणाऱ्या संस्थांनीही हा फरक मान्य केला आहे. ब्रिटनच्या व्याख्येत सुक्या फळातली साखर मोकळ्या साखरेत मोजत नाहीत, पण त्याच फळाचा लगदा किंवा पेस्ट केली की ती मोजतात. अन्नाची आंतरराष्ट्रीय मानकं ठरवणाऱ्या कोडेक्स आयोगाच्या मार्गदर्शक तत्त्वांत, साखरेच्या जागी सुक्या फळांची पेस्ट वापरलेल्या पदार्थावर ‘साखर घातलेली नाही’ असा दावा करू नये असं आहे. घरच्या डब्यावर कुणी लेबल लावत नाही हे खरं, पण त्यामागचा विचार घरालाही तितकाच लागू आहे. खजूर इथे गोडीसाठी आणि मिश्रण बांधण्यासाठी आहे, म्हणजे साखरेचं आणि पाकाचं काम तो करतो. मग त्याचं मोजमापही पाकासारखंच काळजीने व्हायला हवं. पाक अंदाजाने ओतत नाही आपण, तारेवर लक्ष ठेवतो.

म्हणून प्रमाण उलटं करावं: खजूर एक भाग, दाणे आणि बिया मिळून दोन भाग, वजनाने. 150 ग्रॅम बिया काढलेला खजूर आणि 300 ग्रॅम दाणे-बिया घेतल्या, तर 20 ग्रॅमच्या एका लाडवात खजुराची साखर सव्वाचार ग्रॅमच्या आसपास राहते, म्हणजे साधारण एक चमचा. प्रथिनं तीन ग्रॅम मिळतात आणि तंतू दोन ग्रॅम. नेहमीच्या कृतीतल्या तेवढ्याच वजनाच्या लाडवात साखर साडेआठ ग्रॅम असते आणि प्रथिनं दीड ग्रॅमच्या आसपास. फरक एवढा मोठा आहे. घरात वजनकाटा नसेल तर छोट्या वाटीने, एक वाटी दाबून भरलेल्या खजुराला सुमारे तीन वाट्या दाणे-बिया असा अंदाज धरावा. पण शंभर-दीडशे ग्रॅमपर्यंत नीट दाखवणारा छोटा काटा स्वयंपाकघरात असावाच, असं माझं आग्रहाचं मत आहे. वाटीच्या अंदाजात खजूर नेहमी जास्तच पडतो.

आता एक गोष्ट लपवून चालणार नाही. प्रमाण उलटं केलं की साखर निम्मी होते, पण कॅलरी वाढतात. खजुरात ग्रॅममागे पावणेतीन-तीन कॅलरी असतात, दाण्यांत आणि बदामात साडेपाच-पावणेसहा, कारण त्यांचं जवळजवळ निम्मं वजन तेलाचं असतं. त्यामुळे वीस ग्रॅमचा हा लाडू 95 कॅलरींच्या घरात जातो आणि खजूर जास्त असलेला तेवढाच लाडू 76च्या आसपास राहतो. वजन कमी करणाऱ्याने मग हा का खावा? याची दोन उत्तरं आहेत. एक म्हणजे प्रथिनं, तंतू आणि स्निग्धांश एकत्र आले की तो सावकाश पचतो आणि एका लाडवावर थांबता येतं; गोड लगद्याच्या लाडवावर थांबणं कठीण जातं. दुसरं उत्तर जास्त कुतूहलाचं आहे. अमेरिकेच्या कृषी खात्याच्या संशोधकांनी माणसांना बदाम खायला देऊन प्रत्यक्ष किती ऊर्जा शरीराला मिळते ते मोजलं. अख्ख्या कच्च्या बदामातून ग्रॅममागे सुमारे 4.4 कॅलरी मिळाल्या, भाजून तुकडे केलेल्या बदामातून 5 आणि बदामाच्या बारीक वाटलेल्या लोण्यातून साडेसहा. पेशींची भिंत शाबूत राहिली की आतलं काही तेल न पचताच बाहेर पडतं. यातून कृतीसाठी सरळ सूचना निघते: सगळा सुकामेवा पिठासारखा दळू नका. थोडा कूट बांधण्यापुरता, बाकीचे दाताखाली येणारे तुकडे.

कृती सांगतो. 120 ग्रॅम शेंगदाणे, 60 ग्रॅम बदाम, 60 ग्रॅम तीळ, 30 ग्रॅम जवस आणि 30 ग्रॅम भोपळ्याच्या बिया, असे 300 ग्रॅम. हे सारं जाड बुडाच्या कढईत मंद आचेवर, पण वेगवेगळं भाजावं. सगळं एकदम टाकलं तर दाणे कच्चे राहतात आणि तीळ करपतात, आणि करपलेल्या तिळाचा कडवटपणा मग कशानेच जात नाही. दाणे भाजताना घाई नको. सालीवर डाग पडले म्हणजे दाणा भाजला असं नाही. एक दाणा चिमटीत दाबून दोन फाकी कराव्यात, आतून फिकट बदामी रंग आला असेल आणि कच्च्या हरभऱ्यासारखा वास गेला असेल तर उतरवावा. तीळ फुगून तडतडू लागले की लगेच ताटात काढावेत, कारण गरम कढईत ते भाजतच राहतात. जवसही तडतडतं आणि त्याला खमंग वास सुटतो. भाजण्याने चव येतेच, शिवाय ओल उडते आणि लाडू टिकतात. ओट्स घालायचे असतील तर तेही भाजूनच. न भाजलेलं पीठ किंवा धान्य तसंच खाण्याच्या पदार्थात घालू नये, त्यात जंतू असू शकतात. भाजण्याआधी दाणे निवडायला मात्र विसरू नका. सुरकुतलेले, काळपट, बुरशीचे डाग असलेले दाणे काढून टाकावेत. दाण्यावरच्या एका बुरशीतून अफ्लाटॉक्सिन नावाचं विष तयार होतं, ते यकृताला घातक असतं आणि भाजल्याने पूर्ण नष्ट होत नाही.

भाजलेलं सगळं पूर्ण गार होऊ द्यावं. कोमट दाणे मिक्सरमध्ये टाकले की तेल सुटून चिकट गोळा होतो. जवस आणि अर्धे तीळ बारीक करावेत. अख्खं जवस बऱ्याचदा न पचता तसंच बाहेर पडतं, त्यामुळे ते कुटायलाच हवं. अर्धे दाणे कुटावेत, पण मिक्सर थांबत थांबत, दोन-दोन सेकंद फिरवून. उरलेले दाणे आणि बदाम सुरीने किंवा खलबत्त्यात जाडसर करावेत. भोपळ्याच्या बिया आणि राहिलेले तीळ तसेच राहू द्यावेत.

खजूर मऊ आणि काळा घ्यावा. बाजारात किमिया म्हणून मिळणारा यासाठी चांगला. सीडलेस म्हणून दाबून भरलेला खजूरही चालतो, पण त्यातही चुकून बी राहते आणि मिक्सरचं पातं मोडतं. प्रत्येक खजूर बोटांनी उघडून पाहावा. आत काळी भुकटी, जाळी किंवा अळी दिसली तर तो टाकून द्यावा. अख्खा खजूर बाहेरून तुकतुकीत असूनही आतून खराब निघू शकतो. मग 150 ग्रॅम खजुराचे तुकडे करून कढईत चमचाभर तुपावर मंद आचेवर तीन-चार मिनिटं परतावेत आणि उलथन्याने दाबत राहावं. त्यांचा मऊसर गोळा होतो. तो गरम असतानाच त्यात कूट, तुकडे, वेलदोड्याची पूड, थोडं जायफळ आणि चिमूटभर मीठ घालून परातीत पुरणासारखं मळावं. पाणी किंवा दूध मात्र घालू नये. खजुरात ओल कमी आणि साखर जास्त, म्हणून त्यावर जंतू वाढत नाहीत. दोन चमचे पाण्याने काम सोपं होतं खरं, पण ते लाडू चार दिवसांत आंबूस होतात.

दोनास एक या प्रमाणात लाडू वळत नाहीत, ही सर्वांत खरी तक्रार आहे. पहिल्यांदा मिश्रण भुसभुशीत वाटेल. अशा वेळी हात लगेच खजुराकडे जातो, तो थांबवावा. मिश्रणाचा तिसरा भाग पुन्हा मिक्सरमध्ये फिरवावा. दाण्यातलं आणि तिळातलं तेल सुटतं आणि तेच बांधायला लागतं. तो भाग उरलेल्यात मिसळून घट्ट मळलं की गोळा जमतो. तरीही न जमल्यास लाडवाचा हट्ट सोडून वड्या कराव्यात. ताटाला तुपाचा हात लावून मिश्रण वाटीच्या तळाने जोर देऊन थापावं, तासभर फ्रीजमध्ये ठेवावं आणि मग सुरीने वड्या पाडाव्यात. वड्यांचा आणखी एक फायदा असा की सगळ्यांचं वजन सारखं होतं. 450 ग्रॅम मिश्रणाच्या बावीस वड्या पाडल्या की प्रत्येकी वीस ग्रॅम. लाडू मात्र हळूहळू मोठे होत जातात, पहिला सुपारीएवढा आणि शेवटचा लिंबाएवढा.

खर्चाचा मुद्दा गंभीर आहे, कारण सुकामेवा म्हटला की लोकांच्या डोळ्यांपुढे बदाम, पिस्ते आणि अक्रोडच येतात, आणि ते महाग असतात. म्हणूनच वरच्या कृतीत सर्वांत मोठा वाटा शेंगदाण्याचा आहे. 100 ग्रॅम शेंगदाण्यात 25 ग्रॅमच्या आसपास प्रथिनं असतात, बदामात 21, काजूत 18. तंतूंत बदाम पुढे, पण दाणे काजूच्या कितीतरी पुढे. हृदयाला बरं असलेलं तेल दाण्यातही आहे. दाण्याला गरिबाचा बदाम म्हणून हिणवण्याची सवय आपण सोडायला हवी. पोषणाच्या हिशेबात तो कुणापेक्षा कमी नाही. अजून स्वस्त करायचं असेल तर बदामांऐवजी डाळ्या घ्याव्यात. त्यांचं पीठ मिश्रण छान बांधतं आणि प्रथिनंही देतं. कारळे, सुकं खोबरं, खरबुजाच्या बिया यांतलं जे घरात असेल ते चालेल. फक्त खोबऱ्यात प्रथिनं कमी आणि घट्ट चरबी जास्त, म्हणून ते मूठभरच. कोकणातल्या घरी काजूकणी स्वस्तात मिळते, ती वापरावी. खजुरातला तिसरा हिस्सा बदलून सांगली-तासगावचे बेदाणे किंवा सुकं अंजीर घातलं तर चव बदलते, साखरेचा हिशेब मात्र तोच राहतो. फार पिवळेधमक बेदाणे आणि केशरी जर्दाळू यांचा रंग बहुधा गंधकाच्या प्रक्रियेने टिकवलेला असतो. दम्याच्या रुग्णांना त्याचा त्रास होऊ शकतो, त्यांनी तपकिरी घ्यावेत.

खजूर कमी केला म्हणून गूळ किंवा मध घालायचा विचार कुणी करू नये. गुळात थोडी खनिजं असतात, तरी त्याचं ऐंशी टक्क्यांहून जास्त वजन साखरच असतं, आणि मधातही साखर तितकीच. एक वर्षाखालच्या बाळाला तर मध अजिबात द्यायचा नाही. त्यातल्या जिवाणूंच्या बीजाणूंमुळे बॉट्युलिझमसारखा गंभीर आजार होऊ शकतो. मुलं कमी गोड खाणार नाहीत ही आयांची काळजी रास्त आहे. पण गोडीची सवय दोन्ही बाजूंनी बदलते. पहिल्या खेपेला एकास एक प्रमाण ठेवावं, पुढच्या डब्यांत ते कमी करत न्यावं. चांगले भाजलेले तीळ, मिठाची चिमूट, सुंठ किंवा संत्र्याच्या सालीचा किस यांनी गोडी असते त्याहून जास्त वाटते. चार-पाच वर्षांखालच्या मुलांना मात्र दाण्याचे तुकडे देऊ नयेत. ते श्वासनलिकेत अडकण्याचा धोका असतो. त्यांच्यासाठी सगळं बारीक कुटूनच करावं आणि त्यांनी बसून, आपल्या नजरेसमोर खावं. शाळेच्या डब्यात देताना वर्गात कुणाला शेंगदाण्याची ॲलर्जी नाही ना, हे शिक्षकांना विचारून घ्यावं.

खजूर रक्त वाढवतो या समजुतीविषयीही बोलायला हवं, कारण तिच्यामुळे पंडुरोग असलेल्या कितीतरी बाया औषधाऐवजी खजुरावर भिस्त ठेवतात. 100 ग्रॅम खजुरात लोह जेमतेम एक मिलिग्रॅम असतं. न सोललेल्या तिळात ते चौदा मिलिग्रॅमच्या आसपास असतं, म्हणजे या लाडवात लोहाचा भार तीळ उचलतात. वनस्पतींतलं लोह शरीरात कमीच शोषलं जातं, आणि चहाने ते आणखी घटतं. म्हणून चहाबरोबर लाडू ही आवडती जोडी मोडून लाडू चहाच्या तासभर आधी किंवा नंतर, पेरूच्या फोडीबरोबर किंवा आवळ्याबरोबर खावा. हिमोग्लोबिन कमी असेल तर डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या चालूच ठेवाव्यात. मधुमेहींनी एक वडी, तीही इतर खाण्यातलं काही वजा करून खावी, आणि घरी ग्लुकोमीटर असेल तर दोन तासांनी पाहावं. मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांनी आधी डॉक्टरांना विचारल्याशिवाय खाऊ नये. 100 ग्रॅम खजुरात 650 मिलिग्रॅमहून जास्त पोटॅशियम असतं आणि दाणे-बियांत फॉस्फरसही भरपूर असतो. खजूर दातांना चिकटून बसतो, त्यामुळे झोपण्यापूर्वी लाडू नको आणि खाल्ल्यावर चूळ भरावी.

किती खावेत, तर प्रौढाने दिवसाला एक किंवा दोन, आणि ते बिस्किटं, फरसाण किंवा मिठाई यांच्या जागी. जेवणाच्या वर आणखी म्हणून खाल्ले तर कितीही विचारपूर्वक केलेला लाडू वजनच वाढवणार. डबा कोरडा, घट्ट झाकणाचा असावा आणि चमचा किंवा हात ओला नसावा. थंडीत बाहेर दहा-बारा दिवस सहज टिकतात. पावसाळ्यात, विशेषतः मुंबईत आणि कोकणात, फ्रीजमध्येच ठेवावेत. तिथे महिनाभर राहतात. बिघडण्याची पहिली खूण बुरशी नसते, खवट वास असते. कुटलेलं जवस आणि अक्रोड यांचं तेल सर्वांत आधी खवट होतं. म्हणून महिन्याभराचा मोठा घाणा करायचा असेल तर जवस आणि अक्रोड त्यातून वगळावेत, किंवा दर आठवड्याला थोडेच लाडू करावेत आणि जवस त्याच दिवशी भाजून कुटावं.